फिरत्या घराचा सिनेमा कुठे पाहायला मिळेल?

दापोली तालुक्यातील एका भगिनीचे लांबलचक पत्र या महिन्यात आमच्याकडे आले आहे. त्यांचे सासरे ८१ वर्षांचे आहेत. ३१ वर्षे त्यांनी मालवाहू जहाजांच्या इंजिनखोलीत काढली आणि त्या खोलीनेच त्यांचे कान नेले. आता समोरासमोर बसून मोठ्याने बोलले तरी अर्धेच कळते. कानाचे मशीन आणले, पण त्यात नुसता गोंगाट ऐकू येतो म्हणून ते कपाटात पडून आहे. संध्याकाळी सगळे घर टीव्हीपुढे बसले की अब्बा उठून ओट्यावर जातात.

याच अब्बांना हल्ली एक सिनेमा सारखा आठवतो. जहाजावर डेकवर पांढरी चादर बांधून मशीनवर सिनेमा दाखवत, तेव्हा पाहिलेला. नाव आठवत नाही. चपटी टोपी घातलेला, कधीही न हसणारा एक माणूस. त्याने स्वतः बांधलेले वाकडेतिकडे घर. वादळात ते घर भोवऱ्यासारखे फिरते. आणि शेवटी त्या घराला आगगाडी धडकते. कोकणी, गोवेकर, फिलिपिनो, ग्रीक, सगळे खलाशी पोट धरधरून हसले, असे ते सांगतात. नातवाने मोबाइलवर खूप शोधले, काही मिळाले नाही. आता घरातली मुले हळूच म्हणू लागली आहेत, की दादांना वयामुळे काहीतरी भास होतो. भगिनी विचारतात: असा सिनेमा खरेच आहे का? असला तर कुठे पाहायला मिळेल? आणि तो फुकट पाहण्यात कुणाचा हक्क तर मारला जाणार नाही ना?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते त्या घरात आजच्या आज पोहोचायला हवे. सिनेमा आहे. अब्बांची स्मरणशक्ती अगदी शाबूत आहे. सिनेमाचे नाव 'वन वीक', म्हणजे 'एक आठवडा'. तो अमेरिकेत सप्टेंबर १९२० मध्ये प्रदर्शित झाला. न हसणारा माणूस म्हणजे बस्टर कीटन. दिग्दर्शनही त्याचेच, जोडीला एडी क्लाइन. सिनेमा दोन रिळांचा, म्हणजे वीस-पंचवीस मिनिटांचा.

नातवाला तो का सापडला नाही, याचा अंदाज आम्हाला आहे. आपल्याकडे आवाज नसलेला कुठलाही जुना विनोदी सिनेमा दिसला की तो 'चार्लीचा' ठरतो. मुलाने चार्ली चॅप्लिनच्या नावाखाली शोधले असेल तर जन्मभर शोधूनही मिळणार नाही. त्या काळात तीन मोठे विनोदवीर होते आणि तिघांची ओळख वेगळी आहे. आखूड मिशी, काठी आणि ढगळ विजार असेल तर चॅप्लिन. गोल चष्मा लावलेला, उंच इमारतीवरच्या घड्याळाच्या काट्याला लोंबकळणारा हॅरॉल्ड लॉइड. तो सिनेमा १९२३ चा. चपटी टोपी आणि दगडासारखा चेहरा असेल तर कीटन. घराची गडबड तिघांकडेही सापडते. चॅप्लिनच्या १९२५ च्या 'गोल्ड रश'मध्ये कड्याच्या टोकावर डुगडुगणारी झोपडी आहे. कीटनच्याच १९२८ च्या 'स्टीमबोट बिल ज्युनिअर'मध्ये वादळात घराची अख्खी पुढची भिंत त्याच्या अंगावर कोसळते आणि वरच्या खिडकीची मोकळी चौकट नेमकी त्याच्यावर येते म्हणून तो वाचतो. पण वादळात फिरणारे घर आणि त्याला धडकणारी आगगाडी, या दोन खुणा एकत्र फक्त 'वन वीक'मध्येच आहेत. अब्बांनी खुणा इतक्या नेमक्या सांगितल्या, की आम्हाला फार शोधावे लागले नाही.

गोष्ट साधी आहे. नवे लग्न झालेल्या जोडप्याला नातलगाकडून भेट मिळते ती एक जमिनीचा तुकडा आणि खोक्यांत भरलेले एक घर. खोक्यांवर क्रमांक आहेत. क्रमांकाप्रमाणे तुकडे जोडायचे, की आठवड्यात घर तयार. हे निव्वळ विनोदासाठी रचलेले नव्हते. अमेरिकेत सिअर्स रोबक ही कंपनी १९०८ पासून कॅटलॉगमधून अशी घरे विकत होती. लाकूड, खिळे, दारे-खिडक्या सगळे रेल्वेने यायचे आणि घेणारा आपल्या जागेवर उभे करायचा. सिनेमात त्या मुलीशी लग्न करू पाहणारा, पण नकार मिळालेला एक माणूस गुपचूप येऊन खोक्यांवरचे क्रमांक बदलतो. बिचारे जोडपे मनापासून, क्रमांक पाहून पाहून, चुकीचे घर बांधते. दार वरच्या मजल्यावर हवेत उघडते आणि नायक त्या दारातून सरळ खाली जातो. सतरंजी खिळे मारून पक्की केल्यावर कळते, की आपला कोट तिच्याखाली राहिला. मग तो मधोमध तुकडा कापून कोट काढतो आणि कापलेला तुकडा पायपुसणे म्हणून वापरतो. आमच्या मते सिनेमातील सर्वांत हसवणारी जागा ही आहे. पडण्या-आपटण्यापेक्षा हा कोट आम्हाला जास्त आवडतो. खरे सांगायचे तर ज्यांच्या घरात कधी सुतारकाम झाले आहे त्यांना तो जास्त कळेल.

शेवटी कळते, की घर भलत्याच जागेवर बांधले आहे. आपली जमीन रुळांच्या पलीकडे. घर ओढत नेताना ते नेमके रुळांवर अडकते. गाडी येताना दिसते. पुढचे सांगत नाही. अब्बांना आठवते आहे त्यापेक्षा तिथे एक गंमत जास्त आहे, आणि ती त्यांना पडद्यावरच दिसू द्या. एवढे मात्र सांगायला हरकत नाही, की घर खरे होते आणि गाडीही खरी होती. खेळण्यातले काही नाही. वादळातले फिरणे दाखवण्यासाठी घर मोठ्या फिरत्या चकतीवर बांधले होते. कीटनचे वय तेव्हा पंचविशीच्या आतले. लहानपणापासून आईवडिलांबरोबर रंगमंचावर पडण्या-उठण्याची कामे केलेली, म्हणून पडणे त्याला अंगवळणी पडलेले होते.

असा सिनेमा आजवर टिकला हेच नवल आहे. त्या काळची फिल्म नायट्रेटची असे. ती भडकन पेट घेते, आणि पेटली नाही तरी वर्षानुवर्षे डब्यात चिकट होऊन शेवटी भुगा होते. बोलपट आल्यावर मूकपटांना कुणी विचारीना. अमेरिकेत मूक जमान्यात सुमारे ११ हजार लांबीचे कथापट निघाले. त्यांतले मूळ रूपात फक्त १४ टक्के उरले आहेत, असे तिथल्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत दिसले. आपल्याकडचे चित्र याहून उदास आहे. भारतात सुमारे १३०० मूकपट बनले असावेत; आज हाताशी आहेत ते मूठभर, आणि त्यांतलेही पुष्कळ तुकड्या-तुकड्यांत. विनोदी म्हणावा असा एक वाचला तो बंगालीतला, १९३१ चा 'जमाई बाबू'. खेड्यातला जावई कलकत्त्यात येऊन भांबावतो, त्याची ही गंमत. पुण्यातील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली स्थापन झाले. बोलपट येऊन तेव्हा तीस वर्षांहून अधिक काळ लोटला होता, आणि तोवर बहुतेक फिल्म नष्ट झाल्या होत्या.

कीटनच्या सिनेमांचे नशीब थोडे बरे निघाले. त्याची स्वतःची हालत मात्र मध्यंतरी वाईट झाली. मोठ्या कंपनीच्या नोकरीत गेल्यावर स्वतःच्या सिनेमांवरचा ताबा सुटला, दारूने गाठले, संसार मोडला, बेव्हर्ली हिल्समधला मोठा बंगला हातातून गेला. पुढे तोच बंगला जेम्स मेसन या इंग्रज नटाने घेतला. १९५० च्या दशकात मेसनला त्या आवारात बंद पडलेली एक जागा सापडली आणि तिच्यात कीटनच्या सिनेमांची रिळे. काही खराब होण्याच्या बेतात होती. रेमंड रोहाउर नावाच्या माणसाने ती आणि इतर ठिकाणची रिळे जमवून सुरक्षित फिल्मवर उतरवली. कीटन १९६६ मध्ये वारला; त्याआधी लोक पुन्हा त्याचे सिनेमे पाहायला गर्दी करू लागले होते, एवढे त्याला पाहता आले. अब्बांच्या जहाजावर आलेले रीळ कुठल्या वाटेने आले कोण जाणे, पण अशा जुन्या छोट्या विनोदी सिनेमांच्या लहान फिल्मवरच्या प्रती त्या काळी जगभर फिरत होत्या, शाळांत, क्लबांत, जहाजांवर. भाषा लागत नाही, सिनेमा लांबत नाही आणि कुणाला समजावून सांगावे लागत नाही.

आता पाहायचे कुठे, ते. यूट्यूबवर हा सिनेमा पूर्ण आहे, एक सोडून अनेक प्रतींत. इंटरनेट आर्काइव्ह नावाच्या ठिकाणीही आहे. ही अमेरिकेतील ना-नफा संस्था आहे, आणि तिथून सिनेमा फाइल म्हणून उतरवून घेता येतो. दोन्हीकडे एक पैसाही लागत नाही. कुठल्या तिसऱ्याच पानावर कार्डाचा नंबर मागितला, किंवा आधी काहीतरी इन्स्टॉल करायला सांगितले, तर तिथून ताबडतोब बाहेर पडावे.

शोधताना इंग्रजीत चार गोष्टी लिहाव्यात: बस्टर, कीटन, वन वीक आणि साल १९२०. नुसते 'वन वीक' लिहिले तर भलतेच काही येते. त्याच नावाचा २००८ सालचा एक कॅनडाचा सिनेमाही आहे. 'वीक'मध्ये दोन 'ई' लिहायचे, आठवड्याचा वीक. अशक्तपणाचा वीक लिहिला तर शोध फसेल. अब्बांच्या नातवाला हे सांगण्याची गरज नसेल, पण हे पान वाचून आणखी कुणी शोधायला बसेल, त्यांच्यासाठी लिहिले.

पहिली दिसेल ती प्रत लावू नका. आधी लांबी बघा. १९ ते २५ मिनिटांच्या दरम्यान असेल तर सिनेमा पूर्ण आहे. दहा-बारा मिनिटांची प्रत म्हणजे कुणीतरी कात्री लावलेली. एकाच सिनेमाची लांबी वेगवेगळी का, असा प्रश्न पडेल. मूकपटाचे चित्रण हाताने फिरवायच्या कॅमेऱ्यावर होई, सेकंदाला साधारण १६ ते २० चित्रांच्या आसपास. बोलपटासाठी तो वेग २४ ठरला. जुनी फिल्म नव्या वेगाने चालवली की माणसे मुंग्यांसारखी तुरुतुरु पळतात. आपल्याला वाटते जुने सिनेमे असेच असायचे. तसे नव्हते. विनोदासाठी थोडा वेग मुद्दाम ठेवत, पण माणसे माणसांसारखीच चालत. दोन प्रती उघडून लग्नानंतर जोडपे बाहेर पडते ते पहिलेच दृश्य पाहा. ज्या प्रतीत चाल नैसर्गिक वाटते ती निवडा. चित्र स्वच्छ हवे असेल तर अलीकडे इटलीतील बोलोन्याच्या प्रयोगशाळेत दुरुस्त केलेल्या प्रतीवरून काढलेल्या डिस्क विकत मिळतात. परदेशातून मागवाव्या लागतात आणि महाग पडतात. एका संध्याकाळीसाठी त्याची गरज नाही. रंग भरलेल्या प्रती मात्र टाळाव्यात असे आमचे मत आहे. त्यांत चेहरे मेणाचे दिसतात, आणि कीटनची सगळी गंमत चेहऱ्यात, विशेषतः डोळ्यांत आहे.

पाहायचा मोबाइलवर नाही. ८१ वर्षांच्या माणसाला हातभर अंतरावर धरलेल्या काचेत डोळे बारीक करून बघायला लावणे म्हणजे त्याला पुन्हा ओट्यावर पाठवण्यासारखे आहे. टीव्ही नवा असेल तर यूट्यूब त्यातच असते. जुना असेल तर आर्काइव्हवरून फाइल उतरवून पेन ड्राइव्हवर घ्या आणि टीव्हीच्या मागच्या किंवा बाजूच्या खाचेत लावा. गावात रेंजचा भरवसा नसतो, त्यामुळे आम्ही तर पेन ड्राइव्हचाच सल्ला देऊ. गोष्ट ऐन रुळांवर आली असताना चित्र अडकून गोल गोल फिरू लागले तर सगळ्यांचाच विरस होईल.

हक्काचा प्रश्न भगिनींनी विचारला याचा आम्हाला आनंद वाटला. एरवी तो कुणी विचारत नाही. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे सिनेमावरचा हक्क तो प्रसिद्ध झाल्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षे राहतो. अमेरिकेतही १९२० च्या सिनेमांवर आता कुणाची मालकी उरलेली नाही. म्हणजे हा सिनेमा पाहणे, उतरवून घेणे, शेजाऱ्यांना बोलावून दाखवणे, यात कुणाचाही हक्क बुडत नाही. एक बारकावा आहे. मूकपटाला स्वतःचा आवाज नसतो. त्या वेळी थिएटरात कुणीतरी पियानो वाजवत बसे. आज प्रतींवर जे संगीत ऐकू येते ते बहुधा नंतर कुणीतरी रचलेले असते आणि त्यावर त्या संगीतकाराचा हक्क असू शकतो. म्हणून विकत मिळणाऱ्या डिस्कची नक्कल करून वाटणे योग्य नाही. ज्या घरात संगीत नको असेल त्यांनी आवाज सरळ बंद करावा. सिनेमाचे काही बिघडत नाही. अब्बांना तर तसाही तो ऐकू येणार नाही, आणि या एका सिनेमापुरते बाकीचे घर आणि ते अगदी बरोबरीला येतील.

आमच्या मते खरी गोष्ट इथे आहे. अमेरिकेत मूकपटांच्या काळात बहिरे लोक इतरांच्या मांडीला मांडी लावून सिनेमा पाहत. पाट्या सगळ्यांनाच वाचाव्या लागत. १९२७ नंतर बोलपट आले आणि दोन-चार वर्षांत ते दार त्यांच्यासाठी बंद झाले. ग्रॅन्व्हिल रेडमंड नावाचा एक बहिरा चित्रकार चॅप्लिनचा जवळचा मित्र होता. चॅप्लिनने त्याला आपल्या काही सिनेमांत छोटी कामेही दिली. १९३१ च्या 'सिटी लाइट्स'मधला शिल्पकार तो.

पाट्या 'वन वीक'मध्येही आहेत, थोड्याच, पण इंग्रजीत. अब्बांना जहाजावरचे इंग्रजी येत असेल, तरी पडद्यावर पाटी राहते तेवढ्यात वाचून होईलच असे नाही. आणि कुणी मोठ्याने वाचून दाखवण्याचा उपयोग नाही. तेव्हा मुलांनी सिनेमा आधी एकदा पाहून पाट्यांचा मजकूर कोऱ्या पुठ्ठ्यांवर उतरवावा, अब्बांना सोयीचे असेल त्याप्रमाणे मराठीत किंवा उर्दूत, मोठ्या अक्षरांत. पाटी आली की रिमोटने थांबवायचे आणि पुठ्ठा वर धरायचा. अर्ध्या तासाचे काम आहे. सुट्टीत मुले हौसेने करतील, आणि कुणी काय लिहायचे यावरून भांडतीलही.

दोन गोष्टी आधी माहीत असलेल्या बऱ्या. मध्ये एका ठिकाणी नायिका न्हाणीघरात टबमध्ये आहे. साबण बाहेर पडतो तेव्हा कॅमेऱ्यापुढे कुणाचा तरी हात येऊन पडदा झाकतो. १९२० च्या लोकांनाही लाज होती, एवढाच त्याचा अर्थ. पण सासू-सुना-मुले एकत्र बसणार असतील तर ज्याच्या हातात रिमोट आहे त्याला ही जागा ठाऊक असावी. दुसरे असे, की सिनेमा कॅलेंडरच्या पानापानाने पुढे सरकतो आणि घराचे खरे हाल होतात तो दिवस शुक्रवार, तारीख १३. पाश्चात्त्यांत ही तारीख अपशकुनी मानतात. आपल्या मुलांना जुम्याचा दिवस बरकतीचा म्हणून माहीत आहे, त्यामुळे ती विचारतील. सांगून टाका, की प्रत्येकाचे वहम वेगवेगळे.

अब्बांना हा आवडला, आणि इन्शाअल्लाह आवडेलच, तर पुढच्या वेळी कीटनचा १९२१ चा 'द बोट' लावा. तोही याच लांबीचा, नायिका पुन्हा सिबिल सीलीच, आणि मिळण्याची ठिकाणेही तीच. यात गृहस्थाने घराच्या तळघरात नाव बांधली आहे आणि ती दारापेक्षा मोठी झाली आहे. पाण्यात ढकलल्यावर ती ज्या गंभीरपणे सरळ तळाला जाते, ते ३१ वर्षे जहाजावर काढलेल्या माणसाने पाहावे असे आहे. 'द नेव्हिगेटर' हा १९२४ चा, सुमारे तासाभराचा. भल्यामोठ्या जहाजावर दोनच माणसे आणि त्यांना साधा चहा-नाश्ता करता येत नाही, कारण भटारखान्यातले प्रत्येक भांडे शेकडो माणसांच्या मापाचे. जहाज खरे आहे, इंजिनाकडे अब्बांचे लक्ष जाईलच. मात्र शेवटच्या भागात एका बेटावरचे काळे लोक नरभक्षक म्हणून दाखवले आहेत. त्या काळच्या गोऱ्यांची ती नजर आम्हाला खटकते. मुले बरोबर असतील तर तिथे थांबवून त्यांच्याशी बोलावे, नाहीतर जहाज बेटाला लागण्यापूर्वीच टीव्ही बंद करावा.